शारजात आफ्रिदी ड्रायव्हरांबरोबर काम करायचंय ना?

तुम्ही विचारलंत की शारजाला ट्रान्सपोर्टच्या यार्डात सुपरवायझर म्हणून येताय, हाताखाली बरेच आफ्रिदी ड्रायव्हर असतील, पठाण तापट असतात म्हणे, तर निभेल का? निभेल. अकरा वर्षं मी हेच काम करतोय.

आधी सगळ्यांना सरसकट ‘पठाण’ म्हणणं सोडा. आफ्रिदी ही पठाणांतली एक जमात, पाकिस्तानातल्या खैबर खिंड, तिराह आणि कोहाट खिंडीकडची. त्यांच्यात झखा खेल, कुकी खेल, आदम खेल असे आठ खेल, म्हणजे कुळं. कोणत्या खेलचा म्हणून विचारलंत की माणूस खुलतो. १६७२ मध्ये यांनी खैबरमध्ये मुघल फौजेचा धुव्वा उडवला. ते बंड मोडायला औरंगजेब १६७४ साली स्वतः पंजाबातल्या हसन अब्दाल गावी जाऊन बसला. रायगडावर राज्याभिषेक झाला तेच वर्ष! हे एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला सांगितलं, तर त्यानं माझा हात किती तरी वेळ सोडला नाही.

त्यांच्या पश्तू भाषेत चुलतभावाला ‘तरबूर’ म्हणतात आणि तोच शब्द वैऱ्यालाही चालतो. आपली भाऊबंदकीच. त्यामुळे दोन चुलतभावांना एका गाडीवर घालण्याआधी कुणा वडीलधाऱ्याला विचारा. घरच्या बायकांची चौकशी नावानं करू नका, ‘घरी सगळे बरे?’ एवढं पुरे.

आणि चारचौघांत कुणाला झापू नका. मी डिझेलच्या हिशेबावरून एकाला सगळ्यांसमोर बोललो, नंतर पावती माझ्याच फायलीत सापडली. नऊ दिवस तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. शेवटी एका पांढऱ्या दाढीवाल्यानं सांगितलं, ऑफिसात बोलावू नको, त्याच्या खोलीवर जा. याला ते ‘ननवाते’ म्हणतात. चुकलेला माणूस दारी आला की त्याला परत पाठवणं घरच्याला कमीपणाचं. मी गेलो तेव्हा तो कांदा चिरत होता. मला बघून हात पुसले, दस्तरखान अंथरलं, वेलची घातलेला हिरवा चहा पुढे ठेवला. माझं ‘माफ कर’ अजून तोंडातच होतं.

तो चहा नाकारू नका, घाईत असलात तरी.

येण्याआधी एवढं पाठ करा: ‘स्तड़े मा शे’, म्हणजे थकू नकोस. लांबच्या फेरीवरून कुणी आला की म्हणायचं. उत्तर येईल, ‘ख्वार मा शे’, तुझे हाल न होवोत.