वॉर्डात काम करायचंय, मग पेपर कशाला शोधायचे?

प्रश्न : मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आयव्ही कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत बसवलेली बारीक नळी) ठरावीक वेळाने बदलावी की गरज पडल्यावरच, यावर पुरावे शोधायची असाइनमेंट आहे. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन डेटाबेसवर शब्द टाकला तर ढिगाने पेपर आले. मला वॉर्डात काम करायचंय, संशोधन नाही. यात वेळ घालवू का?

उत्तर : घालव. प्रश्न वॉर्डातलाच आहे की! कॅन्युला बदलायची म्हणजे पेशंटला पुन्हा टोचायचं, आणि टोचणार तूच.

ढीग आला कारण तू नुसता विषय टाकलास. आधी कागदावर पिको मांड : पेशंट कोण, काय करायचं, कशाच्या तुलनेत आणि कोणता परिणाम बघायचा. तुझ्यासाठी : प्रौढ पेशंट, गरजेनुसार बदल, ठरावीक वेळाने बदल, फ्लेबायटिस (शिरेचा दाह). कॅन्युलाला कोणी कॅथेटर म्हणतं, म्हणून एका अर्थाचे शब्द ‘ऑर’ने जोड आणि मग ते गट ‘अँड’ने. पबमेडची मेश ही ठरलेल्या शब्दांची यादीही वापर. पण पबमेडवरच्या सगळ्याच पेपरांना मेशचे शब्द लागलेले नसतात, म्हणून स्वतःचे शब्दही ठेव. ‘नॉट’पासून जपून; नको ते काढताना कामाचंही उडतं.

त्याआधी कॉक्रेन लायब्ररी बघ. तिथे एकेका प्रश्नावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा, म्हणजे रिव्ह्यू, मिळतो. याच प्रश्नावर तिथे 2019चा रिव्ह्यू आहे. फ्लेबायटिसमध्ये दोन्ही पद्धतींत स्पष्ट फरक दिसला नाही. इथेच बरेच जण थांबतात. पुढे वाचलंस तर कळेल, की ठरावीक वेळाने बदलल्यास कॅन्युला ब्लॉक होणं आणि सलाइन बाहेर झिरपून सूज येणं बहुधा कमी होतं. उलट गरजेनुसार बदलल्यास खर्च वाचतो. म्हणजे कॅन्युला गरज पडेपर्यंत ठेवायची तर जागा दर शिफ्टला नीट बघायला हवी. हे वॉर्डातल्या नर्सला कळतं, नुसता सारांश वाचणाऱ्याला नाही.

सिनाल हा खास नर्सिंगचा डेटाबेस, पण त्याला पैसे पडतात. कॉलेजने घेतलाय का, ते ग्रंथपालांना विचार. सर्च कसा बांधायचा हेही त्यांच्याकडूनच शिक. विद्यार्थी त्यांच्याकडे फक्त पुस्तकं मागायला जातात, हे मला कधीच पटलेलं नाही.

आता नोकरीचं. वॉर्ड सोडायची गरज नाही. पण पुढे इन्फेक्शन कंट्रोल नर्स किंवा क्लिनिकल इन्स्ट्रक्टर व्हायचं मनात आलं, तर प्रोटोकॉल बदलताना ‘कशावरून?’ हा प्रश्न तुलाच विचारला जाईल. म्हणून सर्चची पूर्ण ओळ, डेटाबेसचं नाव आणि तारीख वहीत उतरवून ठेव. असाइनमेंटच्या तोंडी परीक्षेतही तेच विचारतील.