नॅस्कारचा, म्हणजे अमेरिकेतल्या त्या मोठ्या कार रेसिंग स्पर्धेचा, नवीन सीझन सुरू व्हायच्या आधी तिथले फॅन्स एवढी कसली वाट बघत असतात? गाड्या तर नुसत्या गोल गोल फिरतात ना?

फिरतात की. डावीकडे वळा, परत डावीकडे वळा, असे ५०० मैल, त्यावरून मी वाद घालणार नाही. पण वाट कसली बघतात म्हणाल तर यंदा, म्हणजे २०२६ च्या सीझनला, लोक गाड्यांपेक्षा हिशोबाची जास्त वाट बघतायत. पॉइंट्सच्या हिशोबाची. ते सांगतो, जरा लांबेल.

मी नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या उत्तरेला राहतो, काम एका बँकेच्या आयटीत, त्यामुळे रेसिंगशी माझा काडीचा संबंध नव्हता. पण इथे राहून सुटका नाही, कारण जवळजवळ सगळ्या मोठ्या टीम्स याच पट्ट्यात आहेत. कॉनकॉर्डला हेंड्रिक, हंटर्सव्हिलला जो गिब्ज, मूर्सव्हिलला पेन्स्की. दुकानात बिलाच्या रांगेत पुढे उभा असलेला धिप्पाड माणूस रविवारी टीव्हीवर टायर बदलताना दिसू शकतो. ऑफिसातला माझा शेजारी तर पिढीजात फॅन, त्याच्या आजोबांपासून घरात हेच. नोव्हेंबरात सीझन संपतो आणि फेब्रुवारीत सुरू होतो, मधल्या तीन महिन्यांत हा माणूस कोणत्या गाडीला यंदा कोणता रंग, कोणाचा स्पॉन्सर बदलला, कोणाचा क्रू चीफ, म्हणजे गाडीच्या टीमचा म्होरक्या, कुठे गेला, याच्यावर जगतो. सकाळी कॉफीच्या मशीनपाशी गाठून फोनवर गाडीचा फोटो दाखवणार, बघ, निळा गडद केलाय. मी म्हणतो हो रे, छान आहे. मला कालचा निळा आठवत पण नसतो.

यंदा मात्र त्याचा सूर वेगळा होता, कारण गेल्या नोव्हेंबरात फिनिक्सला, सीझनच्या शेवटच्या रेसमध्ये, जे झालं ते त्याच्या डोक्यातून गेलेलंच नाही.

तर २०२५ च्या शेवटच्या रेसपर्यंत नियम असा होता की वर्षभर ३५ रेस पळा, त्यातून गाळून गाळून (या गाळणीलाच प्लेऑफ म्हणायचे) चार ड्रायव्हर उरणार, आणि त्या चौघांपैकी शेवटच्या रेसमध्ये जो पुढे तो चॅम्पियन. बस. आधीचं सगळं पुसलं. डेनी हॅमलिन, वय तेव्हा ४४, साठ रेस जिंकलेला पण टायटल एकही नाही, तो त्या दिवशी तब्बल २०८ लॅप्स, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, सगळ्यांच्या पुढे होता. तीन लॅप्स उरल्या होत्या. मग विल्यम बायरनचा टायर गेला, तो भिंतीला लागला, पिवळा झेंडा आला, म्हणजे सगळ्यांनी हळू व्हायचं, आणि सगळे पिटमध्ये, टायर-पेट्रोलच्या थांब्यावर. हॅमलिनने चार टायर बदलले, काइल लार्सनने दोनच बदलले, म्हणजे लार्सन आधी बाहेर पडला आणि हॅमलिन गर्दीत मागे अडकला. शेवटी दोन लॅप्सची जादा रेस. रेस जिंकला रायन ब्लेनी, जो चौघांत नव्हताच, लार्सन तिसरा, हॅमलिन सहावा. चॅम्पियन लार्सन, ज्याने त्या दिवशी एकही लॅप लीड केली नव्हती!

लार्सन वाईट आहे असं नाही हं, तो बहुतेक आजचा सगळ्यात गुणी ड्रायव्हर आहे आणि त्याचं हे दुसरं टायटल. पण बघणाऱ्याला वाटतं ना, की तोंडचा घास काढून घेतला. त्यात डिसेंबरच्या शेवटी हॅमलिनच्या आईवडिलांच्या घराला आग लागली आणि वडील गेले. ज्या बापाने पोराच्या रेसिंगपायी घरदार गहाण टाकलं होतं त्याला ते टायटल बघायला मिळालं नाही. त्यामुळे एरवी हॅमलिनला बू करणारे लोक पण सध्या गप्प आहेत.

आणि हे एकट्या हॅमलिनचं नाही. कॉनर झिलिश नावाचा १९ वर्षांचा पोरगा आहे, नॅस्कारच्याच एक पायरी खालच्या सिरीजमध्ये त्याने २०२५ मध्ये दहा रेस जिंकल्या. दहा! त्यातली एक जिंकल्यावर गाडीवर चढून आनंद साजरा करताना पाय घसरून पडला आणि कॉलरबोन मोडून घेतलं, तरी परत येऊन जिंकतच राहिला. टायटल कोणाला? जेसी लव्हला, ज्याने वर्षात दोन जिंकल्या, त्यातली दुसरी शेवटची. वर्षभर पहिला नंबर काढणाऱ्या मुलाला शेवटच्या एका पेपरावरून खाली ढकलावं तसलाच प्रकार. उलटी बाजू बघायची तर २०२४ मध्ये हॅरिसन बर्टन पॉइंट्समध्ये ३४ वा होता, डेटोनाची एक रेस जिंकला आणि थेट प्लेऑफमध्ये. नियमच होता, एक रेस जिंका की आत.

म्हणून जानेवारीत जेव्हा नॅस्कारने सांगितलं की हे सगळं बंद, तेव्हा माझा तो शेजारी दिवाळी असल्यासारखा हसत आला. आता २००४ मध्ये आणलेल्या 'चेस'च्या धर्तीवर परत जातायत. पहिल्या २६ रेसमध्ये जमवलेल्या पॉइंट्सवर वरचे १६ निवडणार, जिंकलं म्हणून कोणी आपोआप आत नाही, मग शेवटच्या दहा रेसमध्ये सोळाच्या सोळा जण शेवटपर्यंत खेळणार, मध्ये गाळणी नाही, आणि दहा रेसचे पॉइंट्स मिळून ज्याचे जास्त तो राजा. दहा रेसच्या सुरुवातीला पहिल्या नंबरवाल्याला २१००, दुसऱ्याला २०७५, तिसऱ्याला २०६५, असं खाली पाच-पाचने उतरत सोळाव्याला २०००. म्हणजे वर्षभराच्या मेहनतीची थोडी पुंजी हातात असते. आणि रेस जिंकण्याचे पॉइंट्स ४० वरून ५५ केलेत, दुसऱ्याला पूर्वीसारखेच ३५. वीसचा फरक. त्यामुळे दुसऱ्या नंबरवर समाधान मानून गाडी सांभाळत आणण्यात आता काही राम नाही.

सगळे खूश आहेत असं समजू नका. जुन्या लोकांचं म्हणणं दहाच का, ३६ च्या ३६ रेस धरा ना. जुना ड्रायव्हर मार्क मार्टिन, जो पाच वेळा सीझनमध्ये दुसरा आला आणि एकदाही पहिला नाही, तो पण याच मताचा, आणि घोषणेच्या वेळी तो तिथे हजर असून त्याने ते लपवलं नाही. मला स्वतःला दहा रेस बरोबर वाटतात. ३६ धरल्या तर एखाद्या वर्षी सप्टेंबरातच निकाल लागेल आणि मग ऑक्टोबरात टीव्ही कोण लावणार? इथे तेव्हा अमेरिकन फुटबॉल असतं, त्याच्यासमोर कोणीही टिकत नाही.

शेन व्हॅन गिसबर्गनचं काय होणार हा कळीचा प्रश्न आहे बघा. न्यूझीलंडचा माणूस, वळणावळणाच्या ट्रॅकवर त्याला कोणी हात लावू शकत नाही, २०२५ मध्ये पाच रेस जिंकला, सगळ्या तसल्याच ट्रॅकवरच्या. ओव्हलवर, म्हणजे नेहमीच्या लंबगोल ट्रॅकवर, मात्र अजून शिकतोय. जुन्या नियमात तो आरामात प्लेऑफमध्ये गेला होता, नव्या नियमात त्याला दर रविवारी ओव्हलवरसुद्धा पॉइंट्स गोळा करत बसावं लागेल. माझ्या मते यंदा बघण्यासारखी खरी गोष्ट ही आहे, पण शेजाऱ्याला पटत नाही, तो म्हणतो झिलिश बघ. आता झिलिश व्हॅन गिसबर्गनच्याच टीममध्ये, वर कप सिरीजला, म्हणजे नॅस्कारच्या सगळ्यात वरच्या सिरीजला, आलाय, ८८ नंबरची गाडी.

आता डेटोना. सीझनची सुरुवातच सगळ्यात मोठ्या रेसने होते ही नॅस्कारची गंमत, यंदा १५ फेब्रुवारीला. अडीच मैलांचा ट्रॅक, २०० लॅप्स. टीव्हीवर तो सपाट दिसतो आणि त्यामुळेच तुम्हाला नुसतं गोल गोल वाटतं. वळणावर ३१ अंशांचा चढ आहे. मी तिथल्या टूरला गेलो होतो, खाली उभं राहून वर बघितलं तर डांबराची भिंतच, चढायला गेलात तर हात टेकावे लागतील. त्या भिंतीवरून चाळीस गाड्या ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास एकमेकींना चिकटून जातात. एकटी गाडी हळू पडते, दुसरीच्या मागे हवेच्या आडोशाने दोन्ही पळतात, म्हणून कोणाच्या मागे राहायचं आणि कधी दगा द्यायचा हा सगळा खेळ, आणि दगा चुकला की वीस गाड्या एकदम आपटतात. त्याला इथे 'द बिग वन' म्हणतात आणि लोक त्याची भीती वाटते म्हणतात आणि मनातून वाट पण बघतात, खोटं कशाला बोला.

कौतुक पुरे, कंटाळवाणं काय ते पण सांगतो. हल्ली डेटोनाच्या मधल्या लॅप्समध्ये सगळे पेट्रोल वाचवत अर्ध्या जोराने पळतात, कारण कमी भरावं लागलं की पिटमध्ये सेकंद वाचतात. दिसायला थरार, प्रत्यक्षात काटकसर. फॅन्स याच्यावर भयंकर वैतागलेत आणि नव्या पॉइंट्सने ते थांबेल असं मला तरी वाटत नाही.

पण या रेसचं महत्त्व किती ते कळायला डेल अर्नहार्टचं १९९८ बघा. सात वेळा चॅम्पियन झालेला माणूस, पण ही एक रेस त्याला एकोणीस वेळा हुलकावणी देऊन गेली होती. विसाव्या वेळी जिंकला तेव्हा पिट रोडवर बाकी सगळ्या टीम्सची माणसं, म्हणजे प्रतिस्पर्धी, रांग करून उभी राहिली आणि हा खिडकीतून हात बाहेर काढून एकेकाच्या हाताला हात लावत हळूहळू गाडी नेत होता. तीन वर्षांनी, २००१ मध्ये, याच रेसच्या शेवटच्या लॅपला अपघातात तो गेला. त्यानंतर मान धरून ठेवणारं हान्स डिव्हाइस सक्तीचं झालं, धक्का शोषून घेणाऱ्या भिंती आल्या, आणि तेव्हापासून कप सिरीजच्या रेसमध्ये एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. यंदा बायरनवर नजर असेल, २०२४ आणि २०२५ दोन्ही वेळा तोच जिंकलाय आणि सलग तीन आजवर कोणालाही जमलेलं नाही.

बाकी वाट बघण्यासारखं बरंच आहे. छोट्या ट्रॅकवर इंजिनाची ताकद ६७० वरून ७५० हॉर्सपॉवर केलीय, ड्रायव्हर लोक कधीपासून मागत होते. जूनमध्ये सॅन दिएगोच्या नेव्ही बेसवर रेस आहे, तिथे कशी होणार कोण जाणे. शेवटची रेस परत मायामीजवळ होमस्टेडला. टीव्हीवर बघायचं तर इथे चार वेगवेगळ्या कंपन्यांकडे हक्क वाटलेत, त्याबद्दल शिव्या घालणं हा ऑफ-सीझनचा एक स्वतंत्र खेळ आहे.

मला स्वतःला ओढ आहे ती जुलैतल्या नॉर्थ विल्क्सबरोची. आमच्यापासून गाडीने दीडेक तास, डोंगराच्या पायथ्याशी. याच भागात पूर्वी चोरून दारू गाळायचे आणि पोलिसांना गुंगारा देत ती पोचवायला गाड्यांची इंजिनं वाढवायचे, स्टॉक कार रेसिंगच्या, म्हणजे नॅस्कारसारख्या रेसिंगच्या, बऱ्याच मुळ्या तिथल्याच. १९९६ नंतर हा ट्रॅक कपच्या कॅलेंडरवरून गेला, बाकड्यांमधून झाडं उगवली होती. २०२३ ला पॉइंट्स नसलेल्या ऑल-स्टार रेसने परत उभा राहिला आणि यंदा पॉइंट्सवाली खरी रेस मिळालीय, तीस वर्षांनी. ट्रॅक एक मैलाचा पण नाही, आणि विचित्र म्हणजे पुढची सरळ बाजू उताराची, मागची चढाची. आम्ही दोनतीन मराठी कुटुंबं मिळून जायचं ठरवतोय. इथे आपला डबा आणि कूलर आत नेऊ देतात, हे मला या खेळाचं सगळ्यात सुसंस्कृत अंग वाटतं, क्रिकेटच्या स्टेडियमवर पाण्याची बाटली काढून घेतात ते आठवून बघा. बायकांचं म्हणणं आहे की थालीपीठं न्यायची. एक सांगतो, कधी आलात तर स्कॅनर भाड्याने घ्या, कानाला लावला की ड्रायव्हर आणि त्याच्या स्पॉटरचं, म्हणजे उंचावरून रेडिओवर त्याला वाट सांगणाऱ्याचं, बोलणं थेट ऐकू येतं, आणि जंटलमन दिसणारी माणसं काय काय बोलतात ते कळतं. मुलांच्या कानाला मात्र फक्त इयरमफ्स लावा.

तुम्ही भारतातून डेटोना बघणार असाल तर तुमच्याकडे रविवार संपून मध्यरात्र उलटलेली असेल, आणि फ्लोरिडात पाऊस पडला तर गाड्या पळतच नाहीत, २०२० आणि २०२४ दोन्ही वेळा रेस सोमवारवर गेली. २०१२ मध्ये पण गेली, आणि वर ट्रॅक सुकवायच्या जेट इंजिनवाल्या ट्रकला एक गाडी धडकून आग लागली, मग सांडलेलं इंधन साफ करायला चक्क टाइडची पावडर आणून ट्रॅक धुतला. त्यामुळे आधी हवामान बघा. कोरडं असेल तर गजर पहिल्या लॅपचा लावू नका, पेट्रोल वाचवणं बघायला कशाला झोपमोड, शेवटच्या चाळीस लॅप्सना उठलात तरी पुरे.