उतारवयात अचानक आलेला संशय

प्रश्न : माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. कामाच्या मावशी दागिने चोरतात आणि मी जेवणात काहीतरी कालवते, असे त्या गेल्या तीन आठवड्यांपासून म्हणू लागल्या आहेत. पूर्वी त्यांना कोणताही मानसिक आजार नव्हता. हा स्किझोफ्रेनिया असेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : स्किझोफ्रेनिया बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. त्यामुळे या वयात आणि इतक्या थोड्या दिवसांत संशय जडला असेल, तर कारण आधी शरीरात शोधावे लागते. संशय संध्याकाळनंतर वाढतो का, मध्येच त्यांना वार किंवा घरची माणसे ओळखता येईनाशी होतात का, याकडे लक्ष ठेवा. असे चढउतार दिसत असतील, तर ते डिलिरियम, म्हणजे शारीरिक कारणाने अचानक उद्भवणारा मनाचा गोंधळ, असण्याची शक्यता मोठी आहे. लघवीचा जंतुसंसर्ग किंवा रक्तातील सोडियम घसरणे, ही त्याची नेहमीची कारणे. आणि वृद्धांना संसर्ग झाला तरी ताप येतोच असे नाही.

औषधांचा इतिहास मात्र घरचेच नीट सांगू शकतात. स्टिरॉइड, पार्किन्सनवरील लेव्होडोपा, वारंवार लघवी होण्यावरच्या काही गोळ्या यांनीही असे भ्रम होतात; म्हणून त्या घेत असलेली सगळी औषधे, आयुर्वेदिक पुड्यांसह, डॉक्टरांपुढे ठेवा. थायरॉइड आणि बी-१२ यांची तपासणीही करावी. थायरॉइड मंदावल्याने वेड लागल्यासारखी अवस्था झालेले १४ रुग्ण रिचर्ड अ‍ॅशर या इंग्रज डॉक्टरांनी १९४९ मध्येच नोंदवले होते.

तपासण्या निर्दोष आल्या, तर स्मृतिभ्रंशाचा विचार करावा लागेल. ज्यांच्या नावाने अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा प्रकार ओळखला जातो, त्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टला तपासलेल्या ५१ वर्षांच्या ऑगस्टे डेटर यांच्या आजारात पहिले ठळक लक्षण विसरणे नव्हते, तर पतीविषयीचा संशय होता. बांगडी कुठे ठेवली हे आठवले नाही, की ती कोणीतरी नेली असेच मनाला वाटते. कमी ऐकू येत असेल तर शेजारच्या खोलीतले साधे बोलणेही कुजबुज वाटू लागते. तीव्र नैराश्यातही असे भ्रम होतात, एवढे ध्यानात असू द्या.

तोवर त्यांच्याशी वाद घालू नका आणि त्यांच्या होकारात होकारही मिसळू नका. दागिने सोबत शोधा, शक्य तर त्यांच्यासमोर त्याच भांड्यातले वाढून घ्या. जेवणाच्या संशयाने त्यांनी पाणीही कमी केले असेल किंवा त्या गुंगीत दिसत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाच्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.