मुलीचा प्रवेश आणि वडिलांचे हृदय

आपले पत्र मिळाले. मुलीने वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा गुण कमी पडले. आता तिला मानसशास्त्र घेऊन पुढे सायकेडेलिक, म्हणजे जाणिवा आणि भान तात्पुरते बदलणाऱ्या, औषधांच्या साहाय्याने हृदयरुग्णांवर उपचार करण्याच्या संशोधनात जायचे आहे, आणि आपला आग्रह असा की हृदयाचेच करायचे तर तिने तिसऱ्यांदा नीट देऊन हृदयरोगतज्ज्ञ व्हावे. मला तिच्या गुणांपेक्षा आपले एक वाक्य अधिक खटकले: ‘तिने नाही म्हटल्यापासून मला झोप नाही, माझी अँजिओप्लास्टी झाली आहे, हे तिला कळत नाही का?’ ते तिला पुरेपूर कळत असणार. एकोणीस वर्षांच्या मुलीपुढे स्वतःचा आजार ठेवून होकार मिळवणे, याला मी काळजी म्हणणार नाही.

एक गैरसमज मात्र बापलेकीचा समान दिसतो, की ही औषधे हृदयच बरे करतात. सायलोसायबिन या सायकेडेलिक औषधाने धमनीतला अडथळा निघत नाही. हृदयरुग्णांसाठी त्याचा विचार होतो तो मुख्यतः हृदयविकारानंतर येणाऱ्या नैराश्यासाठी. आणि नैराश्य हटले की हृदयही सुधारते, हे गृहीत धरता येत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘एनरिच्ड’ चाचणीत, झटका येऊन गेलेल्या २४८१ रुग्णांपैकी ज्यांना मानसोपचार मिळाले त्यांचे मन काहीसे सावरले, पण मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके कमी झाले नाहीत. त्यातच सायलोसायबिन काही तास रक्तदाब आणि नाडीचे ठोके वाढवते, म्हणून त्याच्या चाचण्यांतून गंभीर हृदयरुग्ण सहसा वगळले जातात. शिवाय चाचणीत आपल्याला खरे औषध मिळाले की तुलनेसाठीची नुसती दिखाऊ गोळी, हे घेणाऱ्याला बहुधा लवकरच उमगते. मग निष्पक्ष तुलना कशी करायची, हा पेच उरतोच. भारतात तर हे द्रव्य १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली येते.

तेव्हा तिने या एकाच औषधावर भविष्य टांगू नये. हृदयरुग्णांचे मानसिक आरोग्य हे क्षेत्र त्याहून मोठे आहे. पदवीला मानसशास्त्राबरोबर संख्याशास्त्र मनापासून करावे, कारण चाचणीची रचना समजणारी माणसे या कामात हवीच असतात; पुढे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले चिकित्सालयीन (क्लिनिकल) मानसशास्त्राचे प्रशिक्षण घ्यावे. नीटचा मार्ग आपल्याला ठाऊकच आहे, त्यावर मी शाई खर्च करत नाही.

राहिले आपले. झोप उडणे, कशात मन न लागणे, सारखी चिडचिड, हे सारे आपणच लिहिले आहे आणि त्याचा दोष मुलीच्या नकाराला दिला आहे. ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. अँजिओप्लास्टीनंतर ते अनेकांना येते आणि त्यावर उपचार आहेत. सर्ट्रालिनसारखे नैराश्यावरचे रुळलेले औषध हृदयरुग्णांना सुरक्षितपणे देता येते, हे २००२ च्या चाचणीत दिसले आहे. प्रवेशाचा अर्ज ती भरेल. आपण याच आठवड्यात आपल्या डॉक्टरांची वेळ घ्यावी आणि त्यांना हे सर्व, मुलीचा विषय न काढता, सांगावे.