कमी डोसची इम्युनोथेरपी : गुण येतो का?

प्रश्न : वडिलांची तंबाखूची सवय जुनी. गालाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, शेकही दिला. आता मानेत परत गाठ आलीय. डॉक्टर ‘कमी डोसची इम्युनोथेरपी’ म्हणतात. कमी औषधानं काय होणार? – एक वाचक, निपाणी

उत्तर : शंका रास्त आहे, पण डोस कमी म्हणजे उपचार कच्चा नव्हे. प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशींवर पीडी-१ नावाची कळ असते. गाठ ती दाबून त्यांना गप्प करते. निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध ती कळ झाकतं, आणि त्याला थोडं औषधही पुरू शकतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं १५१ रुग्णांवर हे तपासलं. मेथोट्रेक्झेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब या गोळ्यांसोबत दर ३ आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब (नेहमीचा डोस दर २ आठवड्यांनी २४०). वर्षभरानं हयात रुग्ण सुमारे ४३ टक्के. नुसत्या गोळ्यांवर १६. आजार मुळासकट जातो असं मात्र समजू नका.

घरी खरी चूक होते ती मेथोट्रेक्झेटमध्ये. ती आठवड्यातून एकदाच! वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा. चुकून रोज दिली तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी कोसळतात, जिवावर बेततं. जुलाब किंवा धाप लागली तर निपाणीतल्या दुकानातून गोळी आणून थांबू नका. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर, फुफ्फुसावर उलटलेली असू शकते. त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवा. थायरॉइडची तपासणीही अधूनमधून हवी.