फेस क्रीममधली कोणती रसायनं टाळावीत? ‘पॅराबेन-फ्री’ पाहून घेतलं तर पुरेसं आहे का?

नाही, तेवढ्याने भागत नाही. पॅराबेन म्हणजे क्रीम खराब होऊ नये म्हणून घालतात ती संरक्षक द्रव्यं. मी सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, आणि मला जास्त भीती वाटते ती लेबलवर न छापलेल्या घटकांची.

पहिला पारा. झटपट गोरं करणाऱ्या काही क्रीम्समध्ये तो आजही सापडतो. तो त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून रंग उजळतो. पण त्वचेतून रक्तात जाऊन मूत्रपिंडं बिघडवतो. त्याची वाफही होते, त्यामुळे क्रीमला हातही न लावणाऱ्या घरातल्या लहान मुलांच्या शरीरात तो पोचतो. पाऱ्याचा वापर रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाटा करारात आधी दशलक्ष भागांत एक भाग अशी मर्यादा होती; २०२३ मध्ये तीही काढून, २०२५ नंतर पारा घातलेली प्रसाधनं बनवायचीच नाहीत असं ठरलं. डबीवर ‘कॅलोमेल’ (पाऱ्याचंच एक संयुग) किंवा ‘मर्क्युरी’ लिहिलेलं असेल, अथवा ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना असेल, तर ती वापरू नका.

दुसरं स्टेरॉइड: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. ही औषधं आहेत आणि योग्य आजारात फार उपयोगी आहेत, पण रोज चेहऱ्याला चोपडायची नव्हेत. सुरुवातीला चेहरा तुकतुकीत दिसतो. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, लव वाढते. क्रीम बंद केलं की आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो.

आता पॅराबेन. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात स्तनाच्या गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन सापडले आणि घबराट पसरली. त्या अभ्यासात निरोगी ऊतींशी तुलना नव्हती, आणि पॅराबेनमुळे कर्करोग झाला असं त्यातून सिद्धही झालं नव्हतं. युरोपीय संघाने २०१४ मध्ये पाच पॅराबेनांवर बंदी घातली, पण मिथाइलपॅराबेनला ०.४ टक्क्यांपर्यंत परवानगी कायम आहे. पाणी असलेल्या क्रीममध्ये संरक्षक द्रव्य नसेल तर जंतू आणि बुरशी वाढते, म्हणून काही ना काही घालावंच लागतं. पॅराबेन काढून अनेक कंपन्यांनी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे दुसरं संरक्षक द्रव्य घातलं, आणि ॲलर्जीचे रुग्ण इतके वाढले की लावून तसंच ठेवायच्या प्रसाधनांत युरोपने २०१७ पासून त्यावर बंदी आणली. ‘फ्री’ लिहिलेल्या डबीत त्याऐवजी काय घातलंय, हे मी आधी बघते.

त्वचा नाजूक असेल तर ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ टाळा. त्या एका शब्दामागे डझनावारी घटक असू शकतात. ‘नॅचरल’वरही विसंबू नका, सुगंधी तेलांनीसुद्धा ॲलर्जी होते. नवं क्रीम आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला सकाळ-संध्याकाळ लावून बघा, मगच चेहऱ्याला लावा.

आणि एखादं गोरेपणाचं क्रीम बरेच महिने लावत असाल, तर ती डबी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. स्टेरॉइड असेल तर ते एकदम थांबवायचं की हळूहळू कमी करायचं, हे त्यांनाच ठरवू द्या.