मेश राहू द्या, आधी केबल नीट ओढून घ्या

तुमचा सेटअप मला समजला तो असा: तळमजल्यावर आर्किटेक्टचं ऑफिस, वर घर, मागच्या आवारात मॉडेल बनवायची शेड. पाच कॉम्प्युटर, दोन डिस्कचा एक नॅस (नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांच्या फायली एकत्र ठेवणारी पेटी), ३०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन. रेंडरच्या (डिझाइनवरून कॉम्प्युटरने काढलेल्या चित्रांच्या) फायली नॅसवर टाकायला फार वेळ लागतो, आणि व्हेंडरने उपाय म्हणून तीन युनिटचा मेश वायफाय (एकमेकांना जोडून घरभर सिग्नल पसरवणारी युनिटं) आणि 'कॅट-७' दर्जाची नेटवर्क केबल सुचवली आहे.

हे कोटेशन परत करा. तुमच्या फायली इंटरनेटवर जातच नाहीत, टेबलावरून कपाटातल्या नॅसपर्यंत जातात. इंटरनेटचा प्लॅन ५०० एमबीपीएसचा केलात तरी त्यात काडीचा फरक पडणार नाही. मेशची युनिटं आपसात वायफायनेच बोलणार असतील, तर बराचसा वेग त्या बोलण्यातच जातो.

हिशेब साधा आहे. ५० जीबीचं फोल्डर १०० एमबीपीएसच्या लाइनवर सव्वा तास घेतं. गिगाबिटवर (म्हणजे १००० एमबीपीएसवर) साडेसात-आठ मिनिटं, २.५ गिगाबिटवर तीन मिनिटांच्या आसपास. तुम्ही लिहिलंय की 'तासभर लागतो'. म्हणजे तुमची लाइन आत्ता १०० वरच अडकली आहे, असा माझा दाट संशय आहे. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १००/१०० दिसलं, तर केबलच्या टोकाचा आरजे-४५ हा पारदर्शक प्लग उजेडात धरा. आठही तारा टोकापर्यंत पोचल्यात का? आपल्याकडे कॅमेरेवाले आणि केबलवाले सर्रास तारांची नारिंगी आणि हिरवी जोडीच प्लगमध्ये दाबून बसवतात (क्रिंप करतात), निळी आणि तपकिरी कापून मागे दुमडून ठेवतात. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. असं निघालं तर दोन प्लग बदलून काम होईल. नॅसकडचा आणि स्विचकडचाही (सगळ्या केबली जिथे एकत्र येतात त्या डबीकडचाही) प्लग तपासा, एकच टोक बघून थांबू नका.

नवीन केबल ओढायचीच असेल तर कॅट-६, शुद्ध तांब्याची. 'सीसीए' म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ३०५ मीटरचा खोका संशयास्पद स्वस्त आणि हलका वाटला, तर एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली की खोका दुकानदाराला परत. आरजे-४५ लावलेल्या 'कॅट-७'ला काही अर्थ नाही, त्या दर्जाचे मूळ कनेक्टरच वेगळे असतात. घरातल्या अंतरांना कॅट-६ वर पुढेमागे १० गिगाबिटही चालतं (साधारण ५५ मीटरपर्यंत). आणि प्रत्येक ठिकाणी एक नाही, दोन केबली टाका. खर्च मजुरीचा असतो, तारेचा नाही. लाइटच्या वायरीच्या पाइपातून मात्र नेऊ नका.

स्विच आठ पोर्टचा साधा गिगाबिट बस्स. मॅनेज्ड (सेटिंग करावी लागणारा) वगैरेच्या भानगडीत पडू नका.

गिगाबिटपेक्षा जास्त वेग हवा असलाच, तर तो रेंडरच्या एका-दोन मशीनना. अकाउंटवाल्या मुलीच्या कॉम्प्युटरला २.५ गिगाबिट देऊन काय करणार? रेंडरच्या मशीनमध्ये २.५ चं नेटवर्क कार्ड टाका, आणि मग स्विचही साध्या गिगाबिटऐवजी २.५ चा घ्या. केबल जुनी कॅट-५ई दर्जाची असली तरी चालते. पण आधी नॅसचं पोर्ट बघा. जुन्या दोन-डिस्कवाल्यांना बहुतेक एक गिगाबिटच असतं. तसं असेल तर एखाद्या जुन्या पीसीत डिस्का आणि २.५ चं कार्ड टाकून त्याचाच नॅस करा. साधी हार्डडिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी देते, त्यामुळे तिच्यापुढे १० गिगाबिट लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

हार्डडिस्कऐवजी एसएसडी (चिपवाल्या वेगवान डिस्क) असतील तर गोष्ट वेगळी. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा ऑनलाइन, जुन्या सर्व्हरमधून काढलेली १० गिगाबिटची एसएफपी-प्लस कार्डं स्वस्तात मिळतात. एक कार्ड रेंडरच्या मशीनमध्ये, एक नॅस केलेल्या पीसीत, आणि मधे एक डॅक केबल (दोन्ही टोकांना प्लग बसवूनच येणारी तांब्याची आखूड केबल), स्विचची गरजच नाही. एका टोकाला १०.१०.१०.१, दुसऱ्याला १०.१०.१०.२ असा हाताने आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्या, की झालं. घेण्याआधी तुमच्या विंडोजसाठी ड्रायव्हर मिळतो का आणि बोर्डवर लांब स्लॉट रिकामा आहे का, हे बघा. ही कार्डं तापतात, हवा खेळती हवी.

वायफायसाठी वरच्या मजल्यावर केबलने जोडलेला एकच ॲक्सेस पॉइंट (वायफाय सिग्नल देणारा डबा) लावा. जुना राउटर पडून असेल तर तोही ॲक्सेस पॉइंट मोडवर चालेल, फक्त त्याचं डीएचसीपी (आपोआप आयपी वाटण्याची सोय) बंद करा.

शेडपर्यंत मात्र तांब्याची केबल नेऊ नका. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, आणि वळवाच्या पावसात जवळ वीज पडली की स्विचची पोर्टं उडतात, कधी त्याला जोडलेली मशीनंही. तिथे फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी केबल जोडणारी डबी). फायबरमधून वीज वाहत नाही.

व्हेंडरला शेवटचा हप्ता देण्याआधी दोन लॅपटॉपवर आयपर्फ-थ्री (वेग मोजायचा प्रोग्रॅम) चालवून प्रत्येक पॉइंट तपासून घ्या. गिगाबिटला ९४० एमबीपीएसच्या आसपास आकडा यायला हवा. ९५ आला की त्यालाच प्लग पुन्हा मारायला लावा.

तळमजल्यावरून वर जाणारा रिकामा पाइप भिंतीत आहे की भिंतीवरून केसिंग पट्टी (केबल झाकणारी प्लास्टिकची पट्टी) मारावी लागेल, ते कळवा. आणि नॅसचं मॉडेलही टाका, मग कार्डाचं नक्की सांगतो.